मोरपिशी रेघ

माझ्या आईला अक्षरे वाचता येत नाहीत आणि मला रंग वाचता येत नाहीत. दोघांची बेरीज केली, तर मिळून एक शहाणा माणूस होतो. हा शहाणा माणूस गेल्या पौषात मुंबईच्या मेट्रोने कुरारहून गिरगावला गेला आणि धडधाकट परत आला, त्याची ही हकीकत आहे.

माझी गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण ती थोडी लाजिरवाणी आहे. मी दहा वर्षांचा असताना गौरीच्या सणाला आईने मला महाडच्या बाजारपेठेत पाठविले. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. तिथून महाडला जायचे म्हणजे मला काशीयात्रेइतका आनंद. "हिरवा खण आण," आईने चारदा बजावले. मी दुकानात खणांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला, दुकानदाराने "हाच ना रे?" म्हणून विचारले, आणि मी मोठ्या माणसाच्या ऐटीत "हाच" म्हणालो. घरी पुडा सुटला तेव्हा आत विटकरी खण होता. काकू म्हणाली, "पोराचं ध्यान कुठं असतं कोण जाणे!" माझे ध्यान अगदी जागेवर होते. मला तो खण हिरवाच दिसला होता. खरे सांगायचे तर हिरवा आणि विटकरी यांत लोकांना एवढे काय वेगळे दिसते, हेच मला आजवर उमगलेले नाही. गौरीने त्या वर्षी विटकरी खणाची ओटी घेतली आणि काही तक्रार केली नाही.

पुढे मॅट्रिक झाल्यावर एका नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीला बसलो. डॉक्टरांनी ठिपक्यांचे एक पुस्तक पुढे केले. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने 1917 साली काढलेली ती पाने. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपविलेला असतो. माझ्या आधीचा उमेदवार फडाफडा आकडे वाचून गेला. मला मात्र नुसते ठिपके दिसले, जणू नाचणीचे दाणे सांडले आहेत. नोकरी गेली. मी वस्तीवरच्या शाळेत शिकवू लागलो, रात्री कादंबऱ्या लिहू लागलो, आणि ते बरेच झाले असे आता वाटते. शाळेतल्या मुलांना माझे हे व्यंग पहिल्या आठवड्यातच कळते. एकाने मला विचारले होते, "गुरुजी, झाडाला हा रंग दिला तर चालेल?" मी मान डोलावली. नंतर तपासणीला आलेले साहेब त्या वहीतल्या लालभडक वडाकडे बराच वेळ पाहत राहिले होते.

आईचे याच्या नेमके उलट. तिला पाटीवरचे एक अक्षर कळत नाही; पण तिचा सारा संसार रंगांवर चालतो. 1999 साली शिधापत्रिकांचे तीन रंग झाले. पिवळी, केशरी आणि पांढरी. गावात कोणाचे काय उत्पन्न आहे यावर माणसे तावातावाने बोलत होती, तेव्हा आई हातातल्या कार्डाच्या रंगावरून त्या घराचे धान्य सांगून मोकळी होई. घरातली कागदपत्रे तिने कापडात बांधून ठेवली आहेत. लाल दोऱ्यात जमिनीचे उतारे, निळ्यात विजेची बिले, पांढऱ्यात दवाखान्याचे कागद. मी कधी शोधाशोध करून पुन्हा बांधून ठेवले, की तिला सगळे सोडून पुन्हा बांधावे लागते. रस्त्याने जाताना ती दगडांच्या टोप्या पाहते. महामार्गाच्या दगडाला पिवळी टोपी, राज्यमार्गाच्या दगडाला हिरवी, खेड्यातल्या नव्या रस्त्याला नारिंगी. लाल एस.टी. म्हणजे हात केला की थांबण्याची आशा असलेली, आणि हिरवी-पांढरी हिरकणी म्हणजे नुसती धूळ उडवून जाणारी. ज्या हिरकणीने रात्री रायगडाचा कडा उतरला, तिच्या नावाची गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाही, याचा आईला मनापासून राग आहे.

मुंबई तिला नवी नव्हती. लग्नानंतर दोन वर्षे ती लालबागच्या खोलीत राहिली होती. वडील वरळीच्या एका गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर ते परत गावी आले, ते आलेच. त्या दोन वर्षांत तिने लोकलगाडीतले एकच शास्त्र पक्के केले होते. डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतील तर त्यात पाय ठेवायचा नाही, दंड होतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगत आहे, तिच्याकडे येतो.

नव्वदच्या दशकात गावोगाव प्रौढ साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा मी नववीत होतो. वाडीतल्या बायकांना शिकवायचे काम माझ्याकडे आले. रात्री जेवणे उरकली की समाजमंदिरात कंदील लावून आठ-दहा बायका जमत. आईही आली. तिच्या नावाचे पहिले अक्षर र. सगळ्या बायका आधी आपापले नाव लिहायला शिकत होत्या. आईचा र रोज उलटा पडे. वळण जिकडे हवे त्याच्या दुसऱ्या अंगाला. पहिल्या दिवशी मी सुधारून दिला, दुसऱ्या दिवशी दिला, तिसऱ्या दिवशी दिला. चौथ्या दिवशी मी सगळ्यांच्या देखत म्हणालो, "एवढंसुद्धा येत नाही तुला?" बायका हसल्या. आईही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिला रात्री भांडी घासायला फार वेळ लागू लागला. ती पुन्हा वर्गावर आली नाही.

मी त्यानंतर किती मुलांना र शिकविला असेल! कित्येकांचा उलटा पडतो. मी कधी कोणाला रागावत नाही. हात धरून गिरवून घेतो. पण ज्या एका माणसाचा हात धरायला हवा होता, त्याला मी पुन्हा कधी विचारले नाही. आधी वयाचा ताठा होता. नंतर लाज होती. मग सवय झाली.

गेल्या पावसाळ्यात आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्याचे निघाले. कुरारला राहणाऱ्या माझ्या बहिणीने धावपळ करून मुंबईत सोय केली, आणि दिवाळीनंतर उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाली त्या दिवशी आई गंमत करीत बसली होती. एकदा हा डोळा मिटायचा, एकदा तो. "ह्यानं बघितलं तर भिंत पांढरी," ती म्हणाली, "अन् त्यानं बघितलं तर हळद लागल्यासारखी." डॉक्टर म्हणाले, की तसेच असते. मोतीबिंदूचे भिंग पिवळट तपकिरी होत जाते आणि निळा रंग अडवून धरते. ते इतके हळूहळू घडते, की माणसाला पत्ता लागत नाही. बहिणीच्या घरातला जुना निळा पडदा पाहून आईने विचारले, "हा कधी धुतलास?"

ऐकताना मला मात्र धसका बसला. इतकी वर्षे ही बाई रंगांवर घर चालवीत होती, आणि तिचे रंगच एकेक करून विझत होते. दोऱ्यांत गोंधळ होऊ लागला होता, तेव्हा आम्ही म्हणालो, वय झाले.

दुसऱ्या डोळ्यासाठी पौषात मला घेऊन जायचे होते; बहिणीला रजा नव्हती. दवाखाना गिरगावात. आदल्या रात्री भाच्याने मेट्रोचा नकाशा उघडला. "मामा, सोपं आहे. कुरारला लाल लाइन. गुंदवलीला उतरायचं, पूल ओलांडून निळी लाइन. मरोळ नाक्याला उतरायचं, खाली ॲक्वा लाइन. ती थेट गिरगाव." त्याने पडद्यावर बोट फिरविले. निळी रेघ मला दिसली. लाल रेघ मला मातकट दिसली. आणि जिला तो ॲक्वा म्हणत होता, ती मला राखेच्या रंगाची दिसली. मी म्हटले, "ही करडी ना?" भाचा हसला आणि आजीकडे वळला. आईने उजवा डोळा जवळ नेला आणि म्हणाली, "मोरपिशी हाय."

ॲक्वा या शब्दाला तिने क्षणभर थारा दिला नाही. पाण्याला कुठे असा रंग असतो, म्हणाली. मलाही ते पटले. आमच्या सावित्रीचे पाणी पावसाळ्यात लाल, हिवाळ्यात हिरवे असते असे लोक म्हणतात. मला दोन्ही वेळा सारखेच दिसते, पण मोरपिशी ते कोणी म्हटलेले ऐकले नाही.

मास्तरकीची एक खोड असते. रात्री भाचा झोपला तरी मी रंगांच्या मागे लागलो, आणि गावी परतल्यावरही पुस्तके धुंडाळीत राहिलो. शहराखालून धावणाऱ्या गाड्यांना रंग का लागतात? लंडनमध्ये प्रथम निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे मार्ग होते. 1908 साली ते सगळे एका नकाशावर आले, तेव्हा कोणता कोणाचा हे सांगायला रंग आले. पण रेघा भूगोलाप्रमाणे वाकड्यातिकड्या, म्हणजे पानावर शेवयांचा गुंता. 1931 साली हॅरी बेक नावाच्या एका नकाशे काढणाऱ्याने तो गुंता सोडविला. हा गृहस्थ विजेच्या जोडणीच्या आकृत्या काढीत असे. त्याला वाटले, जमिनीखाली गेलेल्या माणसाला वर टेकडी आहे की नदी, याच्याशी काय कर्तव्य? त्याला हवे असते, कुठे बसायचे, कुठे उतरायचे, कुठे बदलायचे. त्याने सगळ्या रेघा सरळ केल्या. आडव्या, उभ्या, नाहीतर तिरक्या. वरिष्ठांनी चित्र नापसंत केले. 1933 च्या जानेवारीत ते अखेर छापले आणि लोकांनी उचलून धरले. आज जगभरच्या मेट्रोंचे नकाशे त्याच घराण्यातले आहेत, मुंबईचासुद्धा.

अमेरिकेत बोस्टनच्या लोकांनी 1965 मध्ये मार्गांना रंगांचीच नावे दिली. हार्वर्ड विद्यापीठाकडे जाणारा मार्ग लाल, कारण त्या विद्यापीठाचा रंग किरमिजी. समुद्राकडचा निळा. बागांच्या रांगेकडे जाणारा हिरवा. आणि नारिंगी मार्गाचे कारण तर ऐकण्यासारखे आहे. तो ज्या रस्त्याने जाई, त्याच्या एका तुकड्याचे जुने नाव ऑरेंज स्ट्रीट होते! फळाशी काही संबंध नाही. तो संबंध खरा आमच्या नागपूरने जोडला. 2019 मध्ये तिथे मेट्रो सुरू झाली आणि एका मार्गाचे नाव ऑरेंज लाइन पडले. संत्र्यांच्या गावात दुसरे कोणते पडणार?

पण मला सगळ्यांत आवडली ती मेक्सिको शहराची तऱ्हा. तिथली मेट्रो 1969 मध्ये सुरू झाली. त्या वेळी अनेक प्रवाशांना वाचता येत नव्हते. म्हणून लान्स वायमन या चित्रकाराने आणि त्याच्या सोबत्यांनी मार्गाला रंग तर दिलाच, पण प्रत्येक स्थानकाला एक चित्र दिले. चापुल्तेपेक म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत नाकतोड्याची टेकडी, तर त्या स्थानकाला नाकतोडा. अक्षर येत नाही म्हणून माणूस प्रवासाला मुकू नये, असे कोणाला तरी वाटले. आपल्याकडे हे शहाणपण मुंबईच्या डबेवाल्यांनी कधीच दाखविले आहे. 1890 पासून चालत आलेल्या त्यांच्या धंद्यात डब्याच्या झाकणावरचा रंग आणि खूण पाहून डबा कुठल्या स्थानकावर उतरायचा हे ठरते, आणि जुन्या काळी तर रंगीत दोरे बांधीत. हे वाचले तेव्हा मला आईच्या कापडी पुडक्यांची आठवण झाली. ती लालबागला शिकली की उपजत, कोण जाणे.

दिल्लीची मेट्रो 2002 च्या डिसेंबरात लाल मार्गाने सुरू झाली. मुंबईची 2014 च्या जूनमध्ये निळ्याने, वर्सोवा ते घाटकोपर. पिवळी आणि लाल 2022 च्या गुढीपाडव्याला आली. तिसरी, भुयारी, ती 2024 च्या ऑक्टोबरात आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुरू होऊन 2025 च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पोहोचली. साडेतेहेतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्थानके.

माझ्यासारख्यांचा विचार कोणी केला आहे का, तेही मी पाहिले. केला आहे. लंडनमध्ये एक काळा-पांढरा नकाशा मिळतो. त्यात रंगांऐवजी रेघांच्या नक्ष्या असतात. तोक्योत 2004 पासून प्रत्येक मार्गाला अक्षर आणि प्रत्येक स्थानकाला आकडा आहे. रंग दिसत नसेल तर अक्षर पाहा, अक्षर येत नसेल तर आकडा मोजा. हे वाचून मला इतके बरे वाटले, की शाळेत हेडमास्तरांना सांगितले. त्यांनी विचारले, "तोक्योला बदली मागताय काय?"

सकाळी आम्ही निघालो. आईने नऊवारी नेसून वर बहिणीचा स्वेटर घातला होता. फोन बहिणीकडे चार्जिंगला राहिला हे मला गोरेगावला आठवले. गुंदवलीचा पूल ओलांडून निळी गाडी पकडली. इथवर सगळे उंचावरून, वाऱ्यावरून. आई खिडकीतून खाली पाहत माडाच्या शेंड्यावर बसल्यासारखी खूश होती. मरोळ नाक्याला खाली उतरायचे होते. सरकता जिना पाहून ती थबकली. "ह्या जिन्याला दात हायत," म्हणाली. एका कर्मचारी मुलीने तिला दोन म्हाताऱ्यांबरोबर लिफ्टमध्ये घातले, मला वाटले मीही मावेन, तोच दार मिटले. मी जिन्याने धावत उतरलो.

लिफ्ट जिथे उघडेल असे मला वाटले, तिथे लिफ्ट नव्हती. मी मागे आलो. पुढे गेलो. कुठे वर जाणारी वाट, कुठे बाहेरची. पाट्या होत्या, बाण होते, बाणांच्या बाजूला रंगाच्या पट्ट्या होत्या. मी अक्षरे वाचीत होतो, पण घाईत माणूस अक्षरे वाचत नाही, पट्टी पाहतो. आणि ती पट्टी मला भिंतीच्या, खांबांच्या, पोलादाच्या रंगात विरघळलेली दिसत होती. सगळी भुयारे राखेची. खरोखर पाच-सात मिनिटेच गेली असतील. पण मला आंबेनळी घाटात रात्री चुकलेल्या माणसासारखे झाले.

एक तरुण रक्षक होता. त्याला सांगितले. नऊवारी, स्वेटर, एका डोळ्यावर काळा चष्मा. तो समजूतदारपणे म्हणाला, "काका, घाबरू नका. सगळीकडे मराठीत पाट्या आहेत. आजींना वाचता येतं ना?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही."

तो क्षणभर थांबला. बोलणे चालू ठेवायचे म्हणूनच असेल, त्याने विचारले, "तुम्ही काय करता?"

"शिक्षक आहे," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. त्याच्या मनात काही आलेही नसेल. पण मला त्या पांढऱ्या दिव्यांखाली समाजमंदिरातला कंदील दिसला आणि हसणाऱ्या बायका ऐकू आल्या. तीस वर्षांत मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. विचारणारा भेटला तो जमिनीच्या पोटात.

त्याने मला फलाटावर नेले. काचेच्या दारांच्या रांगेसमोर एका बाकावर आई पाय हलवीत बसली होती. शेजारच्या बाईला ती उजव्या डोळ्याची हकीकत सांगत होती.

"आई, तू इथं कशी आलीस?"

"मोरपिशी धरून आले," ती म्हणाली. "जितं जितं मोरपिशी, तितं तितं मी. तुला किती येळ लागला रं, बाला! मी ह्यांना म्हणत होते, आमचा पोरगा वाचत वाचत येतो."

शेजारची बाई हसली. या खेपेला मीही हसलो, पण माझ्या हाताला कापरे भरले होते, ते तिने पाहिले आणि पिशवीतला लाडू काढून दिला.

गाडी आली. आत बसल्यावर घोषणा होत होत्या, मी स्थानके वाचून दाखवीत होतो. सिद्धिविनायकाला तिने हात जोडले. वरळी म्हटल्यावर ती वर छताकडे पाहू लागली. "तुझे बाबा हितंच वरती रातपाळी करायचे," म्हणाली. पुढचे स्थानक आचार्य अत्रे चौक. अत्रेसुद्धा आधी शिक्षक होते, असे मी तिला सांगितले. तिने विचारले, "मग?"

गिरगावात डॉक्टरांनी डोळा तपासला, चार दिवसांनी यायला सांगितले. जाता जाता मी माझ्या रंगांधळेपणाबद्दल विचारले, आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मला ठाऊक नव्हती. लाल-हिरव्याचा हा दोष मुलाला बापाकडून येत नाही, आईकडून येतो. तिला स्वतःला सगळे रंग दिसतात. तिला तो तिच्या वडिलांकडून मिळालेला असू शकतो, तिच्यातून तो गुपचूप मुलाकडे जातो. आई ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणून आमचं बाबा मिरच्या तोडायला बसलं की हिरव्या अन् लाल एकाच टोपलीत!" आजोबांना आयुष्यभर त्यावरून बोलणी खावी लागली होती. ते हट्टी आहेत असे सगळ्या गावाचे मत होते. थोडे चालल्यावर ती थांबली. "म्हंजे ते मीच दिलं व्हय रं तुला?"

मी म्हटले, "दिलंस तर दिलंस. त्यामुळं नोकरी गेली, अन् शाळा मिळाली."

तिने काही उत्तर दिले नाही. पण तो दुकानातला विटकरी खण तिला आठवला असावा, कारण ती एकदम हसली.

परतीला आम्ही घाई केली नाही. मरोळ नाक्याला उतरल्यावर तिनेच निळी पट्टी दाखविली. ती मला दिसत होती, तरी मी तिच्या मागून गेलो. वरच्या फलाटावर गाडीला दोन-तीन मिनिटे होती. समोर स्थानकाच्या नावाची पाटी. आई बराच वेळ तिच्याकडे पाहत उभी होती, नवा डोळा उघडा आणि जुना मिटलेला.

"बाला, ह्यात र हाय का?"

"आहे. दुसरा. म नंतरचा."

तिने हवेत बोटाने काहीतरी काढले. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "उलटा काढला तर काय होतं रं? तवा सांगितलं न्हाईस."

मी तोंड उघडले, पण घशातून आवाज येईना. मुलांना मी रोज जे सांगतो, ते मला तिथे आठवेना. मी तिचे बोट धरले आणि हवेतच, जरा मोठा, र काढून दाखविला. तिने एकटीने पुन्हा काढला. तो सुलटा होता की उलटा, हवेत कसे कळणार? तेवढ्यात गाडीचे दिवे दिसले, आणि ती पिशवी सावरीत म्हणाली, "चल, निळी आली. पुढं ती लाल, ती तुला दिसत न्हाई. माझ्याबरोबर राहा."